मेहनत त्यांनीही केली आहे

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही वीसेक वर्षं न्यू जर्सीत आहोत. मोठं घर घेतल्यावर आधीचं टाउनहाउस विकलं नाही, ते भाड्याने देतो. यंदा भाडेकरू बदलायचे होते. आलेले अर्ज आमच्या अकरावीतल्या मुलीने तक्ता करून मांडून दिले : पगार, क्रेडिट स्कोअर, नोकरी किती वर्षं, आधीचा घरमालक काय म्हणतो. त्यात सगळ्यात वर एक कृष्णवर्णीय जोडपं होतं. बायको हॉस्पिटलमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट, नवरा स्कूलबस चालवतो, दोन लहान मुलं. पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, सगळं एका फाइलमध्ये नीट लावून आणलं होतं. माझा नवरा म्हणाला, "हे नकोत, पुढे कटकट होते." आणि ओळखीतल्या एका भारतीय कुटुंबाला घर द्यायचं त्याने तोंडी ठरवूनही टाकलं. लीजवर अजून सह्या झालेल्या नाहीत.

मुलगी भरल्या ताटावरून उठली आणि जाताना बापाला 'रेसिस्ट' म्हणाली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

नवरा वाईट माणूस नाही. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, दोन बॅगा घेऊन इथे आला. त्याचं म्हणणं, "आपण शून्यातून उभे राहिलो. यांची गुलामी संपून दीडशे वर्षं झाली, आता कोण अडवतंय? ज्याची त्याने जबाबदारी घ्यावी." आणि मला गप्प करायला तो माझ्याच माहेरचं उदाहरण देतो. माझे वडील लालबागला गिरणी कामगार होते. ब्याऐंशीच्या संपात घर बसलं. दहावीनंतर मावशी मला पार्ल्याला घेऊन गेली, मी शिकले, इथवर आले. मोठा भाऊ शाळा सोडून हॉटेलात कामाला लागला, पुढे दारूत गेला. "एकाच खोलीतली दोघं. तू झालीस, तो झाला नाही. मग परिस्थितीला कशाला दोष द्यायचा?" यावर मला उत्तर सुचत नाही. खरं सांगायचं तर मलाही अर्धंअधिक पटतं. घर कोणाला द्यायचं हा आमचा हक्क नाही का? आणि या दोघांच्या भांडणात मी पडावं का?

– एक आई

उत्तर

आधी घराचं बोलू, कारण ते थांबणार नाही.

भाडेकरू निवडायचा हक्क तुम्हाला आहे. पगार पुरत नाही, क्रेडिट खराब आहे, आधीचं भाडं थकवलंय, अशा कारणांनी तुम्ही कोणालाही नाही म्हणू शकता. वर्ण पाहून नाही म्हणू शकत नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने साऱ्या अमेरिकेत त्याला मनाई केली आहे. न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा आणखी कडक आहे. तिथे सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर घेऊन आलेल्यालासुद्धा केवळ त्या कारणावरून परत पाठवता येत नाही. या जोडप्याने राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार केली, तर तुमच्या मुलीने केलेला तक्ताच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरेल. त्यात ते सगळ्यात वर आहेत.

पण मी हे कायद्याच्या भीतीपोटी सांगत नाही. तुमच्या पतींनी विचारलंय, "आता कोण अडवतंय?" या खेपेला त्यांनीच अडवलं. त्या बाईंनी शिक्षण घेतलं, परवाना मिळवला, नोकरी टिकवली. नवरा रोज पहाटे उठून इतरांच्या मुलांना शाळेत सोडतो. लग्न, संसार, वेळेवर भाडं, स्वच्छ कागदपत्रं. वैयक्तिक जबाबदारी म्हणून माणसाकडून जे जे मागितलं जातं, ते सगळं त्या फाइलमध्ये लावलेलं होतं. आणि ती फाइल उघडणाऱ्या घरमालकाने "कटकट होते" एवढ्यावर ती मिटली. कसली कटकट, कोणत्या अनुभवावरून? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की तसा अनुभवच नाही, ऐकीव आहे.

असं एखाद्याच घरात होत असतं तर मी एवढं ताणून धरलं नसतं. देवा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात एक पाहणी केली होती, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. शिक्षण, बोलणं, पोशाख सारखा असलेले तरुण त्यांनी साध्यासुध्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले. काही गोरे, काही कृष्णवर्णीय. काहींनी अर्जात तुरुंगवास भोगल्याचं सांगायचं, काहींनी नाही. तुरुंगातून आलो असं सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांपैकी १७ टक्क्यांना मालकांनी परत बोलावलं. कसलाही गुन्हा नावावर नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना बोलावण्याचं प्रमाण होतं १४ टक्के. सरळमार्गी राहण्याचं फळ एकाला जेवढं मिळतं तेवढं दुसऱ्याला मिळत नाही, आणि ते पाहत पाहत मुलं मोठी होतात. हा आकडा पतींना जरूर सांगा. ते इंजिनिअर आहेत, बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलली की काय कळतं, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आता गुलामी संपून दीडशे वर्षं झाली, या वाक्याबद्दल. वर्षांचा हिशेब बरोबर आहे, पण गुलामी संपली त्या दिवशी घोळ संपला असं त्यात गृहीत धरलंय. अमेरिकेत मध्यमवर्ग उभा राहिला तो मुख्यतः घरांवर, आणि ते घर-कर्ज सरकारच्या हमीवर मिळत होतं. १९३०च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले. जिथे कृष्णवर्णीय राहतात त्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या. तुमच्या जवळच्या न्यूअर्कचे मोठाले भाग त्यात लाल आहेत. १९३४ मध्ये निघालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने कर्जाला हमी देताना हीच दृष्टी ठेवली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना स्वस्त कर्ज देणारा कायदा १९४४चा. युद्धात कृष्णवर्णीय सैनिकही लढले होते. पण १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात या योजनेखाली हमी दिलेल्या घर, शेती आणि धंद्याच्या तीन हजारांहून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली दोन. दोनशे नव्हे, दोन. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही प्रचंड वसाहत बांधायला घेतली होती. तिथल्या सुरुवातीच्या करारांत स्पष्ट कलम होतं की गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहायचं नाही.

ज्यांना ती घरं मिळाली त्यांनी हप्ते फेडले, कष्ट केले, हे खरंच आहे. त्यांचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पण घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची कॉलेजं झाली, नातवंडांच्या घराचं डाउन पेमेंट झालं. ज्यांना ते घर घेऊच दिलं नाही त्यांनी भाडं भरलं, आणि भाड्यातून नातवंडांना काही जात नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत मधल्या (म्हणजे मालमत्तेच्या क्रमाने रांग लावली तर बरोबर मध्ये येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. पगारातली तफावत याच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. ही दरी आजच्या आळसातून पडलेली नाही.

तुमच्या पतींना यातलं काही माहीत नसेल तर तो त्यांचा गुन्हा नाही. बाहेरून आलेल्याला हे कोणी सांगत नाही. पण मग "शून्यातून" हा शब्द जरा तपासून घ्यावा लागेल. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं शिक्षण म्हणजे त्या शिक्षणाचा बराचसा खर्च समाजाने उचललेला. आणि ते अमेरिकेत आले ते कोणीतरी हाताला धरून निवडलेले म्हणून आले. भारतीयांना १९४६ नंतर वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. ते दार उघडलं १९६५च्या कायद्याने. त्याच्या आधीच्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता, त्याच वर्षी मतदान हक्क कायदा झाला. वंश पाहून माणसं आत घेणं लाजिरवाणं आहे, ही जाणीव त्या देशाला कृष्णवर्णीयांच्या चळवळीने करून दिली, आणि त्या जाणिवेतूनच आपल्यालाही आत येता आलं. आज अमेरिकेतल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे पाऊण लोक पदवीधर आहेत. भारतात दहातला एखाद-दुसरा. म्हणजे तिथे पोचले ते आधीच निवडून, चाळून घेतलेले. त्यांची तुलना एका संपूर्ण समाजाशी करायची असेल, तर आपल्याकडचाही संपूर्ण समाज घ्यावा लागेल. मेहनत तुमच्या पतींनी केली, शंकाच नाही. फक्त तिला फळ येण्याआधी बऱ्याच गोष्टी जुळून आल्या होत्या.

आणि आता तुमच्या भावाबद्दल. या प्रश्नावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण तुमच्या पतींचा हा मुद्दा खरोखर जड आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

एकाच खोलीतल्या दोघांत फरक का पडला, याचं उत्तर माणसांत शोधावं लागतं : स्वभाव, निर्णय, संगत, नशीब. मान्य. पण दुसरा प्रश्न असा की १९८२ नंतर लालबाग-परळच्या शेकडो खोल्यांत एकाच सुमारास मुलांच्या शाळा का सुटल्या, दागिने का गहाण पडले, पोरं टोळ्यांच्या नादी का लागली? अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर होते. ते सगळे एकाच वर्षी आळशी किंवा बेजबाबदार झाले नव्हते. काम गेलं होतं. पुढे अनेक गिरण्या उघडल्याच नाहीत. कोण पडलं हे माणसावर ठरलं असेल, पण किती जण पडणार हे गिरणी बंद झाली तेव्हाच ठरलं होतं. तुमचे पती पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावतात, आणि म्हणून ते तुम्हाला अर्धं पटतं व अर्धं खटकतं.

डेट्रॉइट, शिकागो, क्लीव्हलंड, न्यूअर्क या शहरांत हेच घडलं. १९१०च्या दशकापासून १९७०पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतला जाच सोडून कामासाठी बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळजण या शहरांतल्या कारखान्यांकडे आले. मग कारखाने उपनगरांत गेले, नंतर देशाबाहेर गेले. उपनगरांत घर घ्यायला त्यांना मनाई, म्हणून कामाच्या मागे जाताही येईना. मागे राहिलेल्या वस्त्यांत पुढे जे झालं ते तुम्ही आपल्या चाळीत लहानपणी पाहिलेलं आहे.

आणि खोली एकच असली तरी वाट एक होती का? मावशी एकालाच नेऊ शकत होती. तुमचा भाऊ हॉटेलात कामाला लागला तेव्हा घरात येणारा रोख पैसा कोणाचा होता, एकदा शांतपणे आठवून बघा. दारू त्याने स्वतः जवळ केली, ती जबाबदारी त्याचीच. ती मी त्याच्यावरून काढून घेणार नाही, कारण त्याला काही निवड होतीच असं न मानणं म्हणजे त्याला माणूसच न मानणं. पण शाळा त्याने हौसेने सोडली नव्हती.

एका मावशीने काय फरक पडतो, हे अमेरिकेच्या सरकारने जवळजवळ मोजून पाहिलं आहे. १९९४पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरीब कुटुंबांमध्ये सोडत काढली आणि काहींना चांगल्या भागात भाड्याने राहता यावं म्हणून व्हाउचर दिली. कोणाचा नंबर लागला यात कोणाचा गुणदोष नव्हता. पुढे राज चेट्टी हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांची मोठेपणीची कमाई तपासली. तेरा वर्षांची होण्याआधी जी मुलं चांगल्या वस्तीत गेली, त्यांची विशीतली कमाई मागे राहिलेल्या मुलांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी जास्त निघाली. मोठी झाल्यावर गेलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. आईबाप तेच, पत्ता तेवढा बदललेला.

तुमचं टाउनहाउस चांगल्या शाळेच्या हद्दीत असावं, नाहीतर तुम्हीही ते घेतलं नसतं. त्या जोडप्याला दोन लहान मुलं आहेत. तुम्हाला पार्ल्याला जे मिळालं ते इथे दोन मुलांना मिळू शकतं, आणि तेही दान म्हणून नव्हे, पूर्ण भाडं मोजून.

मुलीबद्दलही मला दोन शब्द बोलायचेत. ती बरोबर आहे आणि तिने फार मोठं काम केलं आहे, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. पण बापाला शिक्का मारून उठून गेल्याने त्या जोडप्याला घर मिळालं नाही. तिने तक्ता समोर ठेवून विचारायला हवं होतं, "बाबा, यातला कोणता आकडा तुम्हाला खटकला?" आणखी एक. तिच्या वयाच्या मुलांना अन्यायाची चीड असते, ती असावीच, पण त्या भरात साऱ्या कृष्णवर्णीयांना बिचारे करून टाकण्याची सवय लागते. १९५९ मध्ये अमेरिकेतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय दारिद्र्यरेषेखाली होते, ५५ टक्के. २०२३ मध्ये ते प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. कायदे बदलले, कामं खुली झाली, आणि मिळालेली प्रत्येक फट धरून लोक वर आले. शिकले, घरं घेतली, संस्था चालवल्या. आज पाचातले चार गरीब नाहीत. गोऱ्यांच्या तुलनेत गरिबी अजून दुपटीच्या पुढे आहे, हेही तितकंच खरं. पण ज्या समाजाने स्वतःच्या हिमतीवर एवढं अंतर कापलं त्याला जबाबदारी शिकवायला कोणी जाऊ नये, तुमच्या पतींनी नाही आणि तुमच्या मुलीने कणव करत तर मुळीच नाही.

घरात काय करायचं ते आता सांगते. निकष कागदावर लिहा : किमान पगार किती, क्रेडिट किती, आधीच्या घरमालकाचा दाखला हवा की नको. तेच निकष प्रत्येक अर्जाला लावा. डिपॉझिट सगळ्यांना सारखंच सांगा, तुमच्या राज्यात ते दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तक्त्यात जो वर येईल त्याला घर द्या. ओळखीच्या कुटुंबाला तुम्ही स्वतः फोन करा आणि सांगा की सगळे अर्ज नीट पाहण्याआधीच आम्ही शब्द दिला, तो आम्हाला द्यायला नको होता. ते नाराज होतील. होऊ देत. "आपली माणसं" म्हणून घर देणं यात कोणाचा द्वेष नसतो हे मला कळतं, पण अख्ख्या वस्त्या बंद राहतात त्या अशाच, प्रत्येकाने आपापल्या माणसांना दिल्याने.

पतींशी बोलताना वर्णभेद या शब्दाने सुरुवात करू नका, दार लागेल. तक्ता आणि फाइल घेऊन बसा. त्यांची जी कसोटी आहे, मेहनत आणि जबाबदारी, तीच लावा आणि विचारा की या दोघांनी आणखी काय करायला हवं होतं म्हणजे तुम्ही हो म्हणाला असता. उत्तराची वाट पाहा. मध्ये बोलू नका. मला वाटतं, शून्यातून उभं राहिल्याचा ज्याला अभिमान आहे तो माणूस दुसऱ्याची तशीच फाइल पाहून फार वेळ अडून बसणार नाही. बसलाच, तरी पुढचं तुमच्या हातात आहे.

कारण भांडणात पडावं का असं तुम्ही विचारलंत, पण तुम्ही त्यात आहातच. पत्रात तुम्ही 'आमचं' टाउनहाउस लिहिलंय. घर दोघांच्या नावावर असेल तर कायद्यापुढे मालक तुम्हीही आहात, आणि लीजवर तुमचीही सही लागेल. दुसऱ्या कुटुंबाच्या लीजवर ती करू नका. आज-उद्यात त्या बाईंना फोन करून विचारा, घर अजून हवंय का. त्यांनी एव्हाना दुसरीकडे पाहिलं असेल, तर उशीर झाल्याबद्दल माफी मागा आणि मुलीलाही तसंच सांगा.